कर्जतच्या फार्महाऊस प्लॉटवाल्यांची फ्री साईट व्हिजिट: पिठलं-भाकरीला पाच स्टार, कागदांना एक

कंपनीचं नाव लिहिणार नाहीये, विचारूही नका. एक तर वकिलाच्या नोटिशीला उत्तरं देत बसायला मला वेळ नाही आणि दुसरं म्हणजे ही एकटीच असं करते अशातला भाग नाही. कर्जत-मुरबाड रस्त्याला लागा नाहीतर नेरळ, शहापूर, वाडा कुठेही जा, थोडं पुढे गेलं की बोर्ड आहेच, सह्याद्रीच्या कुशीत तुमचं दुसरं घर, खाली एक हसरं कुटुंब आणि एक गुबगुबीत कुत्रा. म्हणजे रिव्ह्यू एका कंपनीच्या साईट व्हिजिटचा आहे पण तुम्ही दुसरीकडे गेलात तरी बरंचसं असंच निघेल, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. वेळ नसेल तर एवढंच घ्या: फुकट फिरून या, जेवून या, चेकबुक घरी ठेवा.

सर्व्हिस म्हणाल तर खरंच चांगली, खोटं कशाला बोलू. रविवारी सकाळी डोंबिवलीला बिल्डिंगखाली गाडी आली, एसी चालू, पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या, ड्रायव्हर काका सभ्य, बायकोला गाडी लागते म्हटल्यावर त्यांनी पूर्ण रस्ता वळणांवर हळू घेतलं आणि एकदाही कपाळाला आठी नाही. जेवण मांडवात, तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, भरीत, ज्यांना पाहिजे त्यांना गावठी कोंबडी. पिठलं असं की मी तीनदा मागून घेतलं. स्वयंपाक करणाऱ्या आणि वाढणाऱ्या बाया बाजूच्याच कातकरीवाडीतल्या होत्या, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्यासोबत जो सेल्सचा पोरगा होता तो पंचविशीतला, इन केलेला शर्ट, प्रत्येक वाक्याला सर. सर नवी मुंबई एअरपोर्ट, सर पनवेल-कर्जत लोकल, सर आज जो रेट आहे तो दिवाळीनंतर राहणार नाही. दिवाळीनंतर रेट कधीच राहत नाही हे आपल्याला माहीतच आहे, त्यात काही नवीन नाही. प्लॉट अकरा गुंठ्यांचे, समोर डोंगर, पावसाळ्यात धबधबा दिसतो म्हणे, मधे क्लबहाऊसचं काम अर्धं झालेलं आणि त्याच्या भिंतीवर ही मोठी वारली चित्रं काढलेली, तारपा, गोल नाच, सगळं. बायकोने विचारलं इथे वारली लोक आहेत का, तर तो म्हणाला हो मॅडम सगळा ट्रायबल बेल्ट आहे. आता कर्जतच्या या पट्ट्यात मुख्यतः ठाकर आणि कातकरी, वारली म्हटलं की डहाणू-तलासरी-जव्हार, पण ते जाऊदे, भिंतीवर चित्र काढायला आदिवासी कुठलेही चालतात, सातबाऱ्यावर मात्र नको असतात.

हा टोमणा उगाच नाही मारला. प्लॉटिंगच्या मागच्या बाजूला नवीन कंपाऊंड वॉल घातलीय आणि तिच्या पलीकडे लगेच वाडी. वीस-पंचवीस घरं असतील. भिंतीत एके ठिकाणी पायवाट येऊन सरळ आपटते, म्हणजे वाट इकडून होती आणि भिंतीने मधेच कापलीय हे आंधळ्यालाही कळेल. सेल्सवाला पोरगा दुसऱ्या गिऱ्हाईकांना क्लबहाऊसचा थ्रीडी दाखवत होता तेवढ्यात आम्ही भिंत जिथे अजून अर्धीच आहे तिथवर गेलो. एक आजी लाकडाची मोळी उतरवून बसल्या होत्या. बायको बोलायला पटाईत, तिने आजी तुम्ही इथल्याच का करून सुरू केलं. आजी म्हणाल्या की जिथे तुम्ही उभे आहात तो त्यांच्या सासऱ्याचा वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, नाचणी आणि वरी व्हायची, नंतर तो शेठकडे गेला. कसा गेला विचारलं तर म्हणाल्या, "पोराचे लग्नाला पैसं घेतलं व्हतं." मग शेठचा मुलगा आला, मग अजून कोणी, आता हे. वाट बंद केल्यापासून पाण्याला लांबून फिरून जावं लागतं, एवढीच त्यांची खरी तक्रार होती. जमिनीबद्दल त्या तक्रारीच्या सुरात बोलतच नव्हत्या, पाऊस कमी झाला असं सांगावं तसं सांगत होत्या.

मला तिथेच खटकलं पण आपल्याकडे कुणी काहीही सांगतं, प्रत्येक जमिनीला अशी एखादी गोष्ट असतेच, कागद बघितल्याशिवाय बोलायचं नाही हा माझा नियम. म्हणून परत मांडवात येऊन कागद मागितले. इथे सर्व्हिसला पहिली उतरती कळा. आधी म्हणे टोकन भरलं की पूर्ण फाईल मिळते. टोकन नाही, कागद आधी, असं म्हटल्यावर मॅनेजर आला, चहा आला, आणि शेवटी एक चकचकीत फोल्डर आलं, त्यात आत्ताचा सातबारा, लेआऊट आणि त्यांच्याच पॅनलवरच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीचे जुने व्यवहार तपासल्याचा अहवाल, शेवटच्या ओळीत ठळक अक्षरात टायटल क्लिअर अँड मार्केटेबल.

सातबारा बघायला एकदम स्वच्छ. भोगवटादार वर्ग १, म्हणजे विकायला अट नसलेली जमीन, इतर हक्कात काही नाही, बोजा नाही. बहुतेक लोक इथेच हुश्श करतात आणि पेन काढतात. आणि मॅनेजरला हे माहीत असतं, तो मुद्दाम ते पान उघडून तुमच्यासमोर सरकवतो, बघा सर वर्ग १ आहे, आदिवासी शेरा नाही, आणि रायगड काय शेड्यूल एरियात येत नाही त्यामुळे तो प्रॉब्लेमच नाही. हे वाक्य नीट वाचा कारण हेच वाक्य तुम्हालाही ऐकवतील आणि त्यातला अर्धा भाग खरा आहे म्हणून ते जास्त घातक आहे. रायगड जिल्हा शेड्यूल एरियात, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर केलेल्या अनुसूचित क्षेत्रात, नाही हे बरोबर. पण आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकण्यावरचं बंधन फक्त अनुसूचित क्षेत्रापुरतं नाहीये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, तिच्यातलं कलम ३६अ हे माणसाला चिकटलेलं आहे, नकाशाला नाही. जमीन धारण करणारा अनुसूचित जमातीचा असेल तर तो तलासरीत असो नाहीतर कर्जतला, ६ जुलै १९७४ नंतर त्याची जमीन बिगर आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा कशानेही जायची असेल तर आधी परवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतचं गहाण किंवा भाडेपट्टा असेल तर कलेक्टरची, बाकी सगळ्याला कलेक्टरची आणि तीही राज्य सरकारची पूर्वमान्यता घेऊन. शिवाय त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत ती जमीन घ्यायला तयार असलेला दुसरा कोणी आदिवासी नाही ना हेही कलेक्टरने बघायचं. अनुसूचित क्षेत्र असेल, म्हणजे शहापूर, वाडा, जव्हार, मोखाडा वगैरे, तर त्यावर ग्रामसभेची मंजुरी आणखी.

हे सगळं मला मॅनेजरसमोर बसल्या बसल्या माहीत नव्हतं बरं का, ह्यातलं बरंचसं नंतर ज्या वकिलांकडे गेलो त्यांच्याकडून कळलं. त्या दिवशी मी फक्त गट नंबर लिहून घेतला आणि विचार करून सांगतो म्हणून निघालो. परतीच्या गाडीत ड्रायव्हर काका तेवढेच प्रेमळ. बाय द वे, परतताना भेट म्हणून एक रोप आणि कोकमची बाटली देतात, कोकम चांगलं आहे.

आता दुसऱ्या सर्व्हिसचा रिव्ह्यू, ती म्हणजे स्वतःचा वकील. कंपनीच्या पॅनलवरचा नाही, तुम्ही पैसे दिलेला. तालुक्याच्या कोर्टात महसुली कामं करणारे एक वयस्कर वकील ओळखीतून मिळाले, फी एखाद्या बऱ्या रिसॉर्टच्या वीकेंडएवढी, आणि सांगतो, चाळीसेक लाखांच्या प्लॉटसाठी ह्याहून स्वस्त काहीच नाही. त्यांचं पहिलं वाक्य, "रिपोर्ट किती वर्षांचा आहे ते बघा आधी." तीस वर्षांचा होता. सगळे तीसच वर्षांचा काढतात, बँकाही तेवढाच मागतात. आता तुम्हीच हिशोब करा, आज तीस वर्षं मागे गेलात तर नव्वदीच्या दशकात पोचता, आणि कातकरी-ठाकरांच्या जमिनी हातातून गेल्या त्या त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे सर्च जिथे थांबतो त्याच्या अलीकडे सगळं शेठ टू शेठ व्यवहार, सगळं रजिस्टर्ड, सगळं स्वच्छ. रिपोर्टात खोटं काहीच नसतं. फक्त ज्या खोलीत मढं आहे तिथपर्यंत तो जातच नाही.

मग जायचं कुठपर्यंत? वकीलसाहेब म्हणाले १९५७ पर्यंत तरी जाच, त्याच्या आधीचं मिळालं तर उत्तम. १९५७ का, तर आदिवासींना जमिनी परत देण्याचा १९७४ चा वेगळा कायदा आहे, महाराष्ट्र अनुसूचित जमातींना जमिनी प्रत्यार्पित करण्याबाबतचा, लागू झाला १ नोव्हेंबर १९७५ पासून, आणि त्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे गेलेल्या शेतजमिनी परत करायची सोय केली. त्यातली एक तरतूद ऐकून मी उडालोच. जमीन परत घेताना आदिवासीने समोरच्याला द्यायचं काय, तर आकाराच्या ४८ पट आणि काही सुधारणा केल्या असतील तर त्यांची किंमत, तेही १२ वार्षिक हप्त्यांत. आकार म्हणजे सातबाऱ्यावर रुपये-पैशांत लिहिलेला असतो तो सरकारी सारा. तुमच्या गावाकडच्या जमिनीचा सातबारा काढून बघा, किती रुपये आहे, आणि त्याला ४८ ने गुणा. कोकणातल्या वरकसचा आकार तर विचारूच नका, गुणाकार करून आमच्या गाडीचं पेट्रोलही निघणार नाही. हे अन्यायकारक आहे म्हणून जमीनमालक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते, लिंगप्पा पोचन्ना अपेलवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, आणि कोर्टाने १९८४ च्या डिसेंबरात कायदा वैध ठरवला.

आणि १९७४ नंतर परवानगी न घेता झालेला व्यवहार असेल तर ३६अ खाली कलेक्टर स्वतःहून किंवा त्या आदिवासीच्या अर्जावरून चौकशी लावू शकतो, आणि बेकायदा ठरलं की जमीन सरकारजमा होते, पुढे मूळ आदिवासीला परत द्यायची प्रोसेस. ह्याची मुदत ६ जुलै २००४ पासून ३० वर्षं आहे, म्हणजे २०३४ पर्यंत. हे खास सांगायचं कारण, मॅनेजरने नंतर फोनवर मला ऐकवलं होतं की सर बारा वर्षं कब्जा झाला की हक्क संपतो, कुठलाही वकील सांगेल. कुठलाही वकील सांगत असेलही, माझ्यावाल्याने मात्र चष्मा काढून नुसतं माझ्याकडे बघितलं.

आता आमच्या गटाचं काय निघालं. जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव कधी आणि कशामुळे बदललं त्याच्या नोंदी, बघायला दोन रस्ते, एक म्हणजे आपले अभिलेख पोर्टल, तिथे बऱ्याच ठिकाणचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून टाकलेत, आणि दुसरा म्हणजे तहसीलची रेकॉर्ड रूम, अर्ज करा, नकला घ्या. दोन्हीकडून मिळून जी साखळी लागली त्यात साधारण ऐंशीच्या आसपासचा एक फेरफार आहे, खरेदीखताने नाव कमी केलं आणि नाव दाखल केलं. कमी केलेल्या नावापुढे आडनाव नाही, सरळ कातकरी लिहिलंय. दाखल झालेलं नाव शेठचं. आणि जिथे कलेक्टरच्या आदेशाचा नंबर-तारीख असायला पाहिजे तिथे काही नाही. रकान्यात एका ओळीत विषय संपलाय. आजी बोलल्या ते तंतोतंत हेच का हे मी छातीठोक सांगणार नाही कारण गट मोठा आहे आणि वाडीत घरं बरीच आहेत, पण वकील म्हणाले पुढे जायची गरजच नाही, सोडून द्या.

एक गोष्ट त्यांनी सांगितली जी मला कुठे वाचायला मिळाली नव्हती. जुन्या रेकॉर्डला जातच आडनावासारखी लिहिलेली असते त्यामुळे ते सोपं, नवीन रेकॉर्ड अवघड. कातकऱ्यांत वाघमारे, मुकणे, हिलम ही आडनावं आहेत तशीच पवार आणि जाधवही आहेत. सातबाऱ्यावर पवार दिसलं की आपण निर्धास्त. आणि उलटही होतं, ठाकर आणि ठाकूर ह्यातला फरक लिहिणाऱ्याच्या हातचा. म्हणून आडनावावरून अंदाज बांधायचा नाही, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वाडीत चौकशी, हे केल्याशिवाय वकीलसाहेब सही करत नाहीत. पॅनलवरचा वकील वाडीत जातो का? कंपनीचं जेवण सोडून?

कंपनीला मी सरळ कळवलं की ह्या फेरफारामुळे नको. इथून पुढे जी सर्व्हिस मिळाली ती जास्त शिकवणारी. पहिल्यांदा म्हणाले सर तो एक गट सोडा, बाजूचा देतो. बाजूचा म्हणजे कोणता तर त्यातला मागचा तुकडा वनपट्ट्याचा निघाला, वनहक्क कायद्याखाली मिळालेला, प्लॉट समोरचा घ्या सर आणि मागची जागा गार्डन म्हणून वापरा, आम्ही त्यांच्याशी साध्या स्टॅम्पवर करून दिलंय. वनहक्क कायदा २००६ सालचा, त्यात मिळालेला पट्टा वारसाने पुढे जातो पण विकता येत नाही, हस्तांतर करता येत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. म्हणजे ज्याच्याकडे विकायचा हक्कच नाही त्याच्याकडून साध्या स्टॅम्पवर माझं गार्डन.

मग दुसरी ऑफर, खरेदी नको तर ९९ वर्षांचा लीज करू. लीजलाही परवानगी लागते हे वर लिहिलंच. तिसरी, कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत करून ठेवा, ताबा घ्या, परमिशन मागाहून येते. आणि चौथी ऐकून मी फोन स्पीकरवर टाकला, बायकोलाही ऐकू दे म्हटलं: आमच्याकडे एक आदिवासी माणूस आहे, विश्वासातला आहे, खरेदी त्याच्या नावावर होईल आणि तुमच्याशी वेगळा करार. विश्वासातला! म्हणजे ज्याच्या नावावर जमीन तो कागदावर मालक, राहणार मी, आणि त्या माणसाला ह्याचे किती देता हे विचारल्यावर म्हणे ते आमचं आम्ही बघतो. आणखी एक, मी शेतकरी नाही, शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं नाहीतर कुळकायद्याच्या कलम ६३ ची परवानगी, तर शेतकरी दाखलापण करून देणार होते. पॅकेजमध्येच.

हल्ली ह्यात अजून एक भर पडलीय. २०२५ च्या सप्टेंबरात महसूलमंत्र्यांनी जाहीर केलं की आदिवासी शेतकऱ्यांना आपली जमीन खासगी माणसाला किंवा कंपनीला थेट भाडेपट्ट्याने देता येईल असा कायदा आणणार, एकरी वर्षाला किमान ५० हजार रुपये वगैरे. आदिवासी संघटनांनी लगेच विरोध केला. आता ह्या घोषणेचं काय व्हायचं ते होईल पण सेल्सवाल्यांनी ती ताबडतोब उचललीय, सर आता तर सरकारच लीज ओपन करतंय. मंत्र्यांची घोषणा आणि तुमच्या हातातला सही-शिक्क्याचा आदेश ह्यात फरक असतो एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी पुरे.

एक मित्र म्हणाला की यार हे कायदेच जाचक आहेत, बिचाऱ्या आदिवासीला स्वतःची जमीन बाजारभावाने विकता येत नाही, त्याचंच नुकसान. ह्या बाजूला काहीतरी तथ्य आहे हे मान्य, परवानगीसाठी वर्षानुवर्षं फाईल फिरते आणि खरंच गरज असलेला माणूस अडकतो. पण कायदा हवेतून आला नाही. शहाद्याला सत्तरच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने जे आंदोलन केलं ते मुळात ह्यासाठीच, सावकाराकडून खाण्यापुरतं धान्य घ्यायचं आणि फेडताना शेत लिहून द्यायचं. पालघरला काळूराम धोदडे आणि भूमिसेना, तेच. त्याच्याही आधी १९४५ ला तलासरी-डहाणूकडे गोदावरी परुळेकरांसोबत वारली उठले ते वेठ आणि लग्नगडीच्या विरोधात, लग्नाला घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबायचं. आजींचं लग्नाचं वाक्य आठवा. फेरफारात तो व्यवहार खरेदी म्हणून लिहिलाय, मोबदला काय दिला ते खरेदीखत काढलं की कळेल, पण कर्जापोटी दिलेल्या शेताला बाजारभाव मिळाला असेल असं कुणाला वाटतं? आज त्याच जमिनीचा गुंठा लाखांत जातोय आणि ज्यांची होती त्या बाया तिथे मजुरीवर पिठलं करतायत. आपण फसलो असतो तर आपले पैसे गेले असते, वाईटच, पण डोंबिवलीत आपलं घर आहे. वाडीतल्या बऱ्याच लोकांच्या घराखालची जागासुद्धा त्यांच्या नावावर नसते हे रायगडात कुणालाही विचारा, जागेचा मालक वेगळाच, आणि जमिनीला भाव आला की पहिली भिंत तिथेच येते. कातकरी ही राज्यातल्या तीन अतिमागास म्हणून गणलेल्या आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड ह्यांच्याबरोबर. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात १९३० ला गोळी खाल्लेल्यांत नाग्या कातकरी होता, शाळेत असताना आम्हाला सहलीला तिथे नेलं होतं, तेवढ्यापुरतं ते नाव डोक्यात राहिलेलं.

असो. ज्यांना तरी जायचंच आहे त्यांच्यासाठी. साईटवर पोचलात की क्लबहाऊस नंतर बघा, आधी प्लॉटिंगच्या कडेने पूर्ण चक्कर मारा आणि पायवाटा कुठे कापल्यात ते बघा. वाडी असेल तर जाऊन बसा, चहा मिळेल, आणि फुकट सर्च रिपोर्ट मिळेल जो पॅनलवाल्यापेक्षा जुना असतो. सातबारा कंपनीने दिलेला घेऊ नका, डिजिटल सहीचा स्वतः काढा, महाभूमीवर १५ रुपयांत मिळतो. सगळे फेरफार एकूण एक मागा, फक्त शेवटचे दोन नाही, आणि नाव बदलताना प्रत्येक ठिकाणी समोरचा कोण होता ते विचारा. परवानगी आहे म्हणाले तर आदेशाची प्रत मागा आणि तो नंबर कलेक्टर ऑफिसला जाऊन पडताळा, झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. रजिस्ट्री झालीय ना मग झालं, असं कोणी म्हणालं तर सोडून द्या, रजिस्ट्रेशनने परवानगीची जागा भरून निघत नाही. आणि एका सातबाऱ्यावर चाळीस जणांची सामायिक नावं असतील तर तो वेगळाच विषय, तुकडेबंदीचा, त्यावर परत कधीतरी.

जमीन घ्यायचीच नाही असं माझं म्हणणं नाही. बिगर आदिवासी शेतकऱ्याची, साखळी नीट लागलेली जमीन कर्जतलाही मिळते, थोडी महाग मिळते, डोंगर थोडा लांब दिसतो. वकील आमच्यासाठी तशीच बघतायत.

रेटिंग: पिकअप आणि ड्रायव्हर ५, जेवण ५, कोकम ४, लोकेशन ४ (उन्हाळ्यात जाऊन बघा, धबधबा नसतो), सेल्सच्या पोराला ३, त्याची नोकरी आहे, मॅनेजरला ०, कागदपत्रांना १ आणि तो एकसुद्धा फोल्डरच्या प्रिंटिंगसाठी. वाट बंद केली त्याचे मायनसमध्ये द्यायची सोय असती तर दिले असते. भिंत अजून एका बाजूने अपुरी आहे, पुढच्या गिऱ्हाईकांनी जाऊन मॅनेजरला विचारा की वाडीची वाट कुठून ठेवणार, दहा गिऱ्हाईकांनी विचारलं तर कदाचित ठेवतीलही.

वकीलसाहेबांना साडेचार. अर्धा कापला कारण रिपोर्टचं अक्षर त्यांनाच दोनदा वाचून दाखवावं लागलं आणि ऑफिसात पंखा नाही.